सिस्टरच्या भाचीचं गाणं

आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मोठ्या सिस्टर मूळच्या इटलीच्या. पण इतकी वर्षं पेशंटांशीच बोलून त्यांचं मराठी आमच्याहून पक्कं नागपुरी झालं होतं. "मले चहा नको, पोटात जळजळ होऊन राहिली," असं त्या म्हणाल्या की नवा पेशंट त्यांच्या तोंडाकडे बघत राही.

त्यांची भाची आणि तिचा नवरा जोडीनं गायचे. त्या वर्षी युरोपातल्या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत इटलीतर्फे ही जोडी उतरली होती. तो कार्यक्रम रविवारी दुपारी शॉर्टवेव्हवर पुन्हा ऐकवणार, असं सिस्टरना घरून कळलं. त्यांच्या जोगिणींच्या मठात रेडिओ नव्हता, आमच्याकडे होता. आईनं त्यांना जेवायलाच बोलावलं.

मी तेव्हा बी.ए.ला होते आणि घरातला रेडिओ माझ्याच ताब्यात असे. आठवडाभर खटपट करून मी ते स्टेशन शोधलं, गच्चीवर तांब्याची तार ताणली. शनिवारी आवाज स्वच्छ आला.

रविवारी सिस्टर रेडिओला कान लावून बसल्या. निवेदक इटालियन बोले आणि त्या आम्हाला सांगत. "आता आयर्लंडचा पोरगा. त्याच्या मागून आमचे."

तेवढ्यात शेजाऱ्यांनी कूलर लावला. रेडिओतून नुसती खरखर येऊ लागली. बाबा धावत गेले. भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला, "काहून बंद करू भाऊ? तुमच्या इंग्रजी गाण्यासाठी आम्ही उकडून मरू काय?"

"इंग्रजी नाही, इटालियन आहे," बाबा म्हणाले.

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. ही काय भाषा समजावून सांगायची वेळ होती?

शेवटी आई गेली. शेजारीणबाईंचं बाळंतपण तिच्याच हातचं होतं. कूलर थांबला, खरखर गेली आणि रेडिओतून टाळ्या ऐकू आल्या. पुष्कळ टाळ्या.

"झालं त्यायचं," सिस्टर म्हणाल्या.

मी उगाचच काटा मागेपुढे फिरवत राहिले. माझे डोळे भरून आले होते, रागानंच.

"राहू दे वं पोरी," म्हणून त्यांनी माझा हात बाजूला केला आणि उरलेल्या देशांची गाणी ऐकत बसल्या. गुण सांगायला सुरुवात झाली आणि वीज गेली.

जोडीचा नंबर मधेच कुठेतरी लागला, एवढं त्यांना महिन्याभरानं कळलं. मी बर्डीच्या बाजारातल्या रेकॉर्डच्या दुकानात दोनतीनदा विचारून आले. मुंबईहून येईल तेवढंच आम्ही विकतो, असं उत्तर मिळालं. ते गाणं मी अजून ऐकलेलं नाही.

शेजाऱ्यांशी मी कितीतरी दिवस बोलले नाही. सिस्टर मात्र त्यांच्या बाळाला बघायला येत राहिल्या आणि जाताना आमच्याकडे डोकावूनच जायच्या.