लाल वाइन आणि आईला दिलेलं वचन

टॅक्सी दारात उभी होती. माझ्या तळहातावर दही घालता घालता आई म्हणाली, "अंडं-मांस शिवणार नाहीस, एवढं वचन दे." मी दिलं. दारूचं तिने नावही काढलं नाही. आमच्या पुण्याच्या घरात तो विषय कधी कोणाच्या मनातच आला नव्हता, तर तोंडात कुठून येणार!

तुम्ही जे तिथेच राहिलात, त्या तुम्हाला वाटतं, सिंगापूरला गेला की माणूस पार बदलतो. तसा बदललोच मी. बँकेच्या नोकरीमुळे क्लायंटबरोबरची जेवणं आली आणि जेवणांबरोबर ग्लास आला. पण वचनाला चिकटून होतो. मी राहतो त्या टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाऊच्या गाळ्यांमधली, नूडल्सवाली आंटी मला लांबून पाहूनच "नो एग, नो एग!" असं ओरडायची. ऑफिसात केक कापला की मी फक्त टाळ्या वाजवायला. माझ्यासारखेच इथे आलेले मित्र चिडवायचे, "वाइन चालते आणि केक चालत नाही, हे कुठलं शास्त्र रे?" मी म्हणायचो, "आईचं." आणि वर मान ताठ!

मग मला इटलीची ऑरगॅनिक रेड वाइन सापडली. आमच्या डोक्यात सेंद्रिय म्हणजे शुद्ध आणि शुद्ध म्हणजे शाकाहारी; पुढे विचारायचं काय? आई पहिल्यांदाच राहायला आली, तेव्हा बाटली कपाटात मागे सरकवली, एवढंच.

ती इथे असतानाच एका शनिवारी दुपारी दुकानात वाइन चाखायचा कार्यक्रम होता. इटलीतल्या टस्कनीहून माझ्या त्याच वाइनच्या द्राक्षबागेची मालकीण जुलिया आली होती. ऑरगॅनिक म्हणजे नेमकं काय, असं मी हौसेने विचारलं. ती सांगू लागली. बागेत रासायनिक खत नाही, तणनाशक नाही. रोगावर मोरचूद आणि गंधक चालतं, तेही मोजून. वाइन टिकावी म्हणून तिच्यात सल्फाइट असतं, पण मर्यादा कडक. तपासणी झाल्याशिवाय लेबल नाही. "आणि तुरटपणा कमी करायला आम्ही अजून आजोबांसारखा अंड्याचा पांढरा बलक घालतो," ती अभिमानाने म्हणाली. "अंडीसुद्धा ऑरगॅनिक!"

माझ्या तोंडात घोट होता. थुंकायला समोर भांडं ठेवलेलं होतंच, पण इतक्या वर्षांत गिळलेलं कुठे थुंकू? बलक तळाशी बसतो, वाइन वरून काढून घेतात, मागे काही उरत नाही, असं ती सांगत होती. पण ऑरगॅनिकच्या नियमात अंडं चालतं असं लिहिलेलंच होतं, आणि मी मात्र ताठ मानेने केक नाकारत बसलो होतो.

एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी आलो. आई पोळ्या करत होती. स्वयंपाकघराच्या दारातच थांबलो आणि सगळं सांगून टाकलं, दारूसकट. वाटलं, आता रडेल, नाहीतर बॅग भरेल. तिने गॅस बारीक केला.

"तळाशी बसतं म्हणतोस? पाकाची मळी काढायला आपण दूध घालतो, तसं?"

"साधारण तसंच."

तिने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "अंड्याचं काय घेऊन बसलास? ताटावर बसताना रोज माझी आठवण यावी, म्हणून मागितलं होतं वचन. आता ते मी परत घेतलं. तू मोकळा."

दुपारचा धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. पुण्यात घेतलेला माझा फ्लॅट भाड्याने दिलाय, इथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालाय. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी गडबडतो. पण त्या दारात उभं असताना एक कळलं. माझ्याकडे काही मागायचा हक्क असलेलं एकच माणूस उरलंय, तेच माझं घर, आणि ते आपला हक्क सोडत होतं.

"मोकळं नको करूस, आई," मी म्हणालो. "दुसरं काहीतरी माग."

तिने क्षणभरही विचार केला नाही.

"मग परत ये."

तव्यावरची पोळी करपली, पण आम्ही दोघंही हललो नाही. त्यानंतर आई पुण्याला गेली, फोन रोज होतो. तिने पुन्हा विचारलेलं नाही आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही.