कुलसुमबीची वीस मिनिटं

खोटं कशाला बोलू, कुलसुमबीला पहिल्यांदा पाहिलं तवा मला ती लई गरीब गाय वाटली. उमरग्याच्या टॉकीजच्या व्हरांड्यात मालकापुढं मान खाली घालून, पदर दातात धरून उभी होती. म्या मनात म्हणलं, आता रडते बघा. आठवलं की माझं मलाच हसू येतं. बाई तोंडी हिशोब करीत होती!

टॉकीजची कँटीन तिच्याकडं बारा वर्षं ठेक्यानं हाय. औंदा दिवाळीला मोठा पिच्चर लागणार म्हणून मालकानं, बसवराज अप्पानं, तीन आठवड्यांचे चाळीस हजार मागितले. नेहमीच्या चौपट. तिनं दसऱ्यालाच भरले, लेकीच्या, शाहीनच्या, नर्सिंगच्या फीला ठेवलेल्या पैशातनं. अन् दिवाळीला आठ दिवस उरले असताना मुंबईहून निरोप आला, पिच्चरचं काम अर्धवट हाय, उन्हाळ्यात बघू. मुंबईवाल्यांचं काय जातंय! फी भरायची होती संक्रांतीपर्यंत.

अप्पा तरी कुठून परत देणार? त्यानं ते पैसे कवाच वितरकाला पाठवलेले. ते बी अडकले. तो तसं बोलला अन् हिनं मान वर केली.

"पैसे न्हाईत, तर मिनिटं द्या अप्पा. इंटरवल दहाचा वीस करा. पिच्चर येईपर्यंत."

अप्पा हसला. जुन्या पिच्चरला चाळीस-पन्नास माणसं, रातचा खेळ त्यानं बंदच केलेला. दहा मिनिटांनी काय बिघडतंय, म्हणाला, घे.

त्याला काय ठावं! दहा मिनिटांत फकस्त चहा अन् बिस्किटाचे पुडे खपतात. वीस मिनिटांत मिरची भजी तळून होतात, गरम खाऊन होतात, वर आणखी एक प्लेट मागून होते. वासानं हायवेवरचे ट्रकवाले सुदिक आत यायला लागले. म्या तिला चिडवलं, अगं तुझ्या भज्यापायी पिच्चर कुणी बघंना. तर म्हणती कशी, तिकीट तर काढलंय न्हवं त्यांनी. संक्रांतीच्या आधी फी भरून मोकळी.

मग तिचा भरलेला गल्ला अप्पाला खुपायला लागला. परवा हातातलं घड्याळ दाखवत आला, वीस मिनिटं झाली म्हणाला. कुलसुमबीनं झारा काय खाली ठेवला न्हाय.

"अठराच झाली."

"पडदा बंद झाला तवापासून मोजलंय म्या."

"दार उघडलं तवापासून मोजायचं. खुर्च्या तुमच्या, अंधार तुमचा. माणसं चाचपडत बाहेर येतात ती दोन मिनिटं माझ्या खात्यात कशापायी?"

अप्पानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात भजं होतं, म्या काय बोलणार? मग त्यानं घड्याळावर बाही ओढली अन् वर ऑपरेटरला हाळी दिली, "थांब रे, आणखी दोन मिनिटं."