निम्म्या गावाचं आवतन

बीडला सायबर कॅफे नवे निघाले तेव्हाची गोष्ट. माझा शेजारी किराणा दुकानदार. माल आणायला गेला की तिथं तासभर बसायचा. एकदा पारावर सगळ्यांसमोर मला म्हणाला, "निम्मं गाव तुमचंच झालंय बे. इंटरनेटवर समदे तेच बोलायलेत."

गावात आम्हा मुसलमानांची घरं माझं धरून पाच. माझी भिंत तर त्याच्याच भिंतीला लागून. मी मनात डूख धरला.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाचं आवतन शेजाऱ्यानं घरोघर फिरवायचं, ही आमच्या गावची रीत. तिला नाही म्हणता येत नाही. मी त्याला मुद्दाम पारावर बोलावलं आणि दोनशे पत्रिकांचा गठ्ठा हातात दिला. "आमच्या लोकांकडं तू जा. बाकीच्यांकडं मी जातो."

माझा चहा संपायच्या आत तो परत आला. गठ्ठ्यातून चारच पत्रिका गेल्या होत्या.

"झाली की समदी घरं," तो हळूच म्हणाला.

पारावर तीच माणसं बसली होती. मी गठ्ठा घेतला नाही.

"कावून परत आलास बे? निम्मं गाव ऱ्हायलंय. जा, हुडक."