आबांची हलगी, माझी साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. देवाला सांगितलं म्हणावं, तर त्याला काय सांगायचं? तो तिथं हजर होता. आता तुम्हाला सांगतोय. तोंडानं बोलायला गेलो की मी शब्द बदलतो, ही माझी जुनी खोड आहे, म्हणून लिहून काढतोय.

एक आधीच सांगून ठेवतो. रडून दाखवायला मी बसलेलो नाही. तुम्हाला माझी कीव आलीच, तर ती तुमच्यापाशीच ठेवा.

मी बी.ए. आहे. तेरच्या अलीकडं, तेरणेच्या काठी आमचं गाव. गावाबाहेर मांगवाडा. त्या मांगवाड्यातला पहिला बी.ए. निजामाचा अंमल गेला, मोठ्या शाळेची दारं उघडली, मी शिरलो. औरंगाबादला कॉलेज केलं, परत येऊन धाराशिवला हायस्कुलात मास्तर झालो. ज्या गावात माझ्या बापाच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, त्याच गावचा पाटील एस.टी.त सरकून मला जागा देऊ लागला. अभिमान होता? होता. आजही आहे. त्याची माफी मी कुणाकडं मागत नाही.

मागायची ती गोष्ट निराळी आहे. येतो तिच्याकडं.

आबा — म्हणजे माझे वडील — हलगी वाजवायचे. लग्न असो, मयत असो, मरीआईचा गाडा निघो, पुढं आबांची हलगी. त्याबद्दल वर्षाकाठी खळ्यावर चार पायल्या जोंधळा आणि सणासुदीला उरलंसुरलं. मी लहान असताना आमच्या वस्तीतली काही घरं ख्रिस्ती झाली, त्यात आमचं. आई त्या आधीच गेली होती. आबांनी गावाला सांगितलं, आता देवीपुढं वाजवणार नाही. गावानं खळं बंद केलं. एका आषाढात चौघांनी त्यांना धरून गाड्यापुढं उभं केलं, हलगी गळ्यात अडकवली. आबांनी काड्या मोडून टाकल्या. मार खाल्ला. डावं कोपर त्यानंतर कधी सरळ झालं नाही. म्हणजे बघा, एवढं देऊन त्या माणसानं ही एक गोष्ट विकत घेतली होती — मी तिच्यापुढं वाजवत नाही, एवढंच म्हणण्याचा हक्क.

विकत घेतली, असं मी म्हणालो. आबांना ते पटलं नसतं. त्यांचा शब्द वेगळा होता. फुकट.

उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली की आबा हटकून उठायचे. “आमाला जन्मात फुकट काय बी मिळालं न्हाय. शिळी भाकर मिळाली, तीबी वाजवून मिळाली. ह्यो एकच मालक असा भेटला, म्हणला घे, फुकट हाय. म्हणलं, मग आमी बी फुकट वाजवतो!” आणि मग अंगणात चगाळ पेटवून हलगी शेकायची, कातडं ताणून टणटणीत झालं की आत आणायची आणि त्या वाकड्या कोपरानं अशी वाजवायची की पत्र्याचं छप्पर थरथरावं.

मला त्या शब्दाची लाज वाटायची. कॉलेजातून सुट्टीला आलो की म्हणायचो, आबा, फुकट काय म्हणता? कृपा म्हणा. निदान विनामूल्य तरी म्हणा. ते म्हणायचे, “तुझी कृपा तू ठेव. मला फुकटच कळतंय.”

हलगीची लाज त्याहून जास्त. का? तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. पेटी वाजली तर मी ख्रिस्ती मास्तर. हलगी वाजली तर मी मांगाचं पोर. एका थापेत. शाळेतल्या लोकांना वाटायचं, मी मिशनच्या बंगल्यात वाढलेला, साहेबाच्या मांडीवर शिकलेला. मी त्यांना तसं कधी सांगितलं नाही — आणि तसं नाही, असंही कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी हेडमास्तर म्हणाले, तुमच्या चर्चमधला सुगीचा, हंगामाचा सण बघायला येतो. त्यांच्याबरोबर आणखी दोघं मास्तर. मला नाही म्हणता आलं नाही. शनिवारी गावी जाऊन आबांना म्हणालो, “यंदा सणाला पेटीच राहू द्या. हलगी नको.”

“का? पेटीला सर्दी व्हती का हलगीनं?”

“शहरातनं माणसं यायलीत, आबा.”

“मग तर लई जोरात वाजवतो. इतक्या लांबनं यायलीत, ऐकू नको जायला?”

मी विनवलं. मग रागावलो. ते दोर वळत बसले होते, मान वर न करता म्हणाले, “तुला माझी लाज वाटती का हलगीची, एवढं ठरव. हलगीची वाटत असंल तर ती जाळतो. माझी वाटत असंल तर मला कसं जाळतोस?”

दुसऱ्या दिवशी धाराशिवला आलो आणि सरळ पाळकसाहेबांच्या ओसरीवर गेलो.

इथं हात थांबतोय. — थांबू दे. लिहितोच.

मी त्यांना सांगितलं, आबांनी ह्या आषाढात मरीआईच्या गाड्यापुढं हलगी वाजवली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी मी गावातही नव्हतो. शाळेत चाचणीचे पेपर तपासत होतो.

पाळकसाहेब भला माणूस. त्यांना धक्का बसला. म्हणाले, “तुझ्यासारखा शिकलेला मुलगा बापाविरुद्ध उगाच बोलणार नाही.” हेच मला हवं होतं. मला वाटलं, हलगी बंद करतील, सण निभावून जाईल, आबा चार दिवस कुरकुरतील. मंडळीची शिस्त काय असते, शिक्षा म्हणून प्रभुभोजनाची भाकर कशी बंद होते, हे मला माहीत नव्हतं? होतं. मी मुद्दाम तिचा विचार केला नाही.

पुढच्या रविवारी वस्तीवरची उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांना तरटावर बसवून ठेवलं आणि आबांना विचारलं. आबा म्हणाले, “कोण गवाही देतंय?” पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. आबा वळले. माझ्याकडं असं बघितलं — कसं सांगू? उन्हातून घरात आलेला माणूस अंधारात डोळे बारीक करून बघतो तसं. “त्याच्या तोंडानं ऐकू द्या.”

मी उठलो. म्हणालो, होय. पाहिलं.

तेवढ्यात मागून चंद्राबाई उठली. चंद्राबाई आमची बायबल-बाई. अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऐकलेली प्रत्येक गोष्ट तोंडपाठ; वस्तीतल्या बायापोरांना तीच सांगायची. ती म्हणाली, “अरं बाबा, गाड्याच्या दिशी तर ह्यो माझ्या छपरावर व्हता! पाऊस गळायला म्हणून दोर बांधीत व्हता. दिस मावळंस्तवर.”

ती खरं बोलत होती. आणि मी — बी.ए. — तिच्याकडं वळून हसलो. वर्गात पोराचं गणित चुकल्यावर हसतात तसा. म्हणालो, “बाई, तुमचा दिवस चुकतोय. तो गाडा नव्हे, त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट ती.” ती गोंधळली. बोटांवर काही मोजायला लागली, मधेच विसरली, खाली बसली. चारजण हसले. सगळं तिथंच मिटलं.

पाळकसाहेब आबांना म्हणाले, चूक कबूल करा, मंडळीपुढं क्षमा मागा, पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला बसा. आबा म्हणाले, “माफी मागायची पाळी माझी न्हाय.” लोकांना तो ताठा वाटला. तिथं त्या वाक्याचा अर्थ फक्त एका माणसाला कळला होता. तो पेटीशेजारी उभा होता.

आबांना एकच वाक्य पुरलं असतं — पोरगा खोटं बोलतोय. ते बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. हलगी खुंटीला टांगली आणि त्या दिवसापासून मंडळीत आले तरी आत बसले नाहीत. दारातल्या उंबऱ्यावर बसायचे.

सण झाला. हेडमास्तर आले. पेटी वाजली, कणसांच्या पेंढ्या वेदीपुढं रचल्या, मी भजन सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, फार सात्त्विक वातावरण आहे हो तुमच्यात. आणि गाणं चालू असताना माझ्या कानांवर दुसरंच येत होतं. उंबऱ्याच्या लाकडावर दोन बोटं. टक-टकटक. फार हळू. पण दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी पेटी सोडून त्या बोटांच्या ठेक्यावर गात होती. पेटीवाला मागं पडला. पाहुण्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

एकदा मी सांगायचा प्रयत्न केला. उन्हाळ्याची सुट्टी होती, आबा लिंबाखाली अंबाडीचा दोर वळत होते. दोर वळायला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. मी जवळ जाऊन म्हणालो, आबा, त्या दिवशी मी… त्यांनी टोक माझ्या हातात दिलं. “धर. मागं सरक. पीळ सुटू दिऊ नको.” मी सरकत गेलो. दोर ताणला गेला. दोघांच्या मधे अख्खा दोर. तिकडून ते म्हणाले, “फुकट मिळतंय ते घ्यावं गड्या. भाव करत बसू नये.”

मी दोर धरून उभा राहिलो. मला वाटलं, सुटलो! लाज वाटते लिहायला, पण खरंच तसं वाटलं. त्यांनी मला माफ केलं होतं आणि मी ते सवलत म्हणून खिशात घातलं.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. प्रभुभोजनाला परत न बसता गेले. पुरताना पाळकसाहेब म्हणाले, हा भाऊ एकदा घसरला होता, पण देव दयाळू आहे. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता. मी मूठभर माती टाकली आणि हात झटकले.

का नाही बोललो? भ्यालो. याच्या पुढं मागं लावायला माझ्याकडं काही नाही.

आता मी मंडळीचा पंच आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट मीच फिरवतो. ज्या हातानं बापाच्या तोंडातला तुकडा काढला, त्याच हातानं. आणि स्वतःही घेतो. एकदाही टाळलेलं नाही. तुम्ही म्हणाल, हे ढोंग आहे. असेल. पण ढोंगी माणूस बरा दिसायला देवळात जातो. मी जातो, कारण मला दुसरीकडं कुठं जायला जागा नाही. तुमच्यातले जे स्वच्छ आहेत, त्यांनी मला सांगू नये की अशानं गाऊ नये, अशानं हात जोडू नयेत. मी गाणार. त्या ताटावर माझा हक्क आहे का? मुळीच नाही. हक्काचं असतं तर ते खळ्यावर मोजून मिळालं असतं. मला हा हिशेब कॉलेजात कुणी शिकवला नाही. तो शब्द मी ज्यांच्या तोंडातून खोडत होतो, त्यांच्याकडून शिकलो, आणि फार उशिरा.

मग इतकं कळतंय, तर इतकी वर्षं गप्प का? बरोबर विचारलंत. फुकट घेत राहिलो, आणि खोटं मात्र जपून ठेवलं. दोन्ही एका हातात मावत नाहीत, हे कळूनही ठेवलं.

परवा चंद्राबाईकडं गेलो होतो. खूप म्हातारी झालीय. गोष्टी सांगणं तिनं कधीचंच सोडलंय. मी विचारलं, बाई, पोरांना का सांगत नाही आता? तर म्हणाली, “न्हाय रं सर. माझं डोस्कं चालत न्हाय. तवाच कळलं न्हाय का, त्या गाड्याच्या वक्ताला? म्या देवाच्या गोष्टीत कायतरी चुकीचं घालीन.”

मला ‘सर’ म्हणू नका, असं तिला सांगायचीही माझी छाती झाली नाही.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. ताट उचलायच्या आधी मी साक्ष द्यायला उभा राहणार. आधी चंद्राबाईकडं वळून सांगणार — बाई, तुमचा दिवस बरोबर होता, तुम्ही तेव्हाही शहाण्या होता. मग आबांचं सांगणार. पाळकसाहेब मला शिस्तीखाली घालतील. घालावं. पंचपण काढतील. शाळेत बातमी जाईल. जाऊ दे, आणि हलगीवाल्याचं पोर म्हणून गेली तर त्याहून बरं.

खुंटीवरची हलगी काल उतरवली. कातडं एका कडेला फाटलंय, शेकलं तरी पूर्वीसारखी बोलायची नाही. मलाही धड वाजवता येत नाही. तरी ती घेऊन मी जाणार आहे. आत बसू दिलं नाही, तर उंबऱ्यावर बसेन.

उंबऱ्यावर वाजवलेलं आत ऐकू जातं. मी ऐकलंय.