आमचे व्याही शांत होतात

आमच्या व्याह्यांइतका तावातावानं शांत होणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. इतर माणसं शांत व्हायचं म्हणजे डोळे मिटतात, देवाचं नाव घेतात, फारच झालं तर चार दिवस कोकणात जाऊन येतात. आमच्या व्याह्यांना शांत व्हायची लहर आली की आधी घरात हुकूम सुटतात. "कुकर बंद करा तो! टीव्ही बंद! मोटार कुनी चालू ठिवली? मला शांत व्हायचंय, कळतंय का न्हाई?" एवढं होईपर्यंत मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या असतात, कुत्रं शेपूट घालून गोठ्यामागं गेलेलं असतं, विहीणबाई पदराआड हसत असतात, आणि मग धापा टाकत टाकत आमचे व्याही शांत व्हायला सुरुवात करतात.

माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या धाकट्या मुलाला दिली आहे. त्यांचं गाव भरे. भाताची खाचरं, दोन म्हशी, आणि रस्त्याच्या कडेला कारखान्यातल्या पोरांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, असा त्यांचा पसारा. मी आपला भूगावच्या एका सोसायटीत पेन्शन खात बसलेला माणूस. लग्नाच्या बैठकीत ते माझ्याशी जे बोलले त्याला मी भांडण समजलो होतो आणि घरी येऊन बायकोला म्हणालोही, की हे काही जुळत नाही बुवा. ते नुसतंच बोलणं होतं. भांडतात तेव्हा पिरंगुटपर्यंत ऐकू जातं, ही माहिती आम्हाला अक्षता पडल्यावर मिळाली. चहा गरम असला की ते चहावर चिडतात आणि गार झाला की बशीवर. एकदा जावयाच्या गाडीत फोनमधली बाई रस्ता सांगायला लागली, तर हे तिच्यावर कडाडले, "ए बाई, मी जलमलोय हितं! तू कोन मला सांगनार?" आणि केवळ तिची जिरवायची म्हणून गाडी उलट्या दिशेला घ्यायला लावली. आम्ही बारशाला पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं. पण माझ्या मुलीवर मात्र या माणसानं कधी आवाज चढवला नाही. तिला ऑफिसातून यायला उशीर झाला की हे बॅटरी घेऊन फाट्यावर उभे. ती गाडीतून उतरली की तिला एक शब्द न बोलता चांदणी चौकातल्या समस्त ट्रॅफिकला शिव्या घालत घरापर्यंत चालायचं. माया करायची ही त्यांची तऱ्हा.

या सगळ्या किरकोळ रागांच्या तळाशी एक ठोक राग होता, आणि तो थोरल्या भावावर होता. वाटणी झाली तेव्हा दोघांच्या खाचरांमध्ये एक बांध आला आणि बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. थोरल्यांनी बांध कोरला असं हे म्हणत, आणि यांनी दगड सरकवला असं थोरले म्हणत. खरं काय ते त्या दगडालाच ठाऊक! तेव्हापासून अबोला. पौडला कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच एसटीनं जायचे, स्टँडवर उतरून रस्त्याच्या दोन कडांनी चालायचे आणि परतताना एकाच गाडीवर वेगवेगळ्या टोकांना उभे राहून भजी खायचे. एकमेकांचं नावसुद्धा घेत नसत. हे त्यांना 'पल्याडचं' म्हणत आणि ते यांना 'अल्याडचं'.

मग एके दिवशी दगडावरूनच शिवारात थोरल्यांच्या गड्याशी काहीतरी बाचाबाची झाली आणि आमचे व्याही मटकन खाली बसले. ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "काका, गोळ्या मी देतो, पण राग तुम्हालाच सोडायला हवा. हृदय आता तुमचं ऐकायचं नाही." माझी मुलगी रडरड रडली. तिचं रडणं यांना सोसवेना. "पोरी, गप. म्हनशील ते करतो," असा शब्द त्यांनी देऊन टाकला, आणि शब्दाला हा माणूस पक्का. तिनं लगेच आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधला चीगोंगचा वर्ग शोधून काढला. चीगोंग म्हणजे श्वासाच्या लयीत हात सावकाश हलवत उभं राहायचं, असा एक चिनी व्यायाम. सोबत म्हणून मलाही त्यात ढकलण्यात आलं. मला विचारलं कुणी नाही.

वर्ग घेणारी मुलगी गोड होती, पण तिच्या तोंडी मराठी, इंग्रजी आणि हिंदी यांची मिसळ. आजूबाजूला आयटीतली मंडळी, प्रत्येकाच्या शेजारी जेवणाच्या डब्याएवढी पाण्याची बाटली, आणि शांत व्हायला आलेला जो तो दर मिनिटाला मनगटावरच्या घड्याळात आपण किती शांत झालो ते बघतोय. त्यात आमचे व्याही, पांढरी टोपी आणि नव्या कोऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये. "काका, शोल्डर्स लूज सोडा. गुडघे थोडे ढिले. आता इमॅजिन करा, तुमच्या हातात एक मोठा फुगा आहे."

"किती मोठा?"

"कितीही. तुम्हाला आवडेल तेवढा."

"आसं कसं? माप सांगा काय ते." शेवटी कलिंगडावर तडजोड झाली. मग एक हात आभाळाकडं आणि एक जमिनीकडं ढकलायचा होता. "आधी उजवा वर," ती म्हणाली. तो यांनी असा काही वर फेकला, की शेजारच्या गृहस्थांचा चष्मा मॅटवर पडला. चेहऱ्यावर मंद हसू ठेवायला सांगितलं, तेव्हा यांनी ठेवलेलं हसू बघून पुढच्या बाई दोन पावलं सरकल्या. सगळ्यात मोठा प्रसंग मात्र शेवटी आला. "आता डोळे मिटा आणि फील करा, तुमच्या पायांना रूट्स फुटली आहेत. मुळं खोल खोल जमिनीत चालली आहेत." सगळी सोसायटी मुळं सोडण्यात गुंग, आणि तेवढ्यात आमच्या व्याह्यांचा आवाज क्लबहाऊसभर घुमला, "कुनाच्या जमिनीत?"

"काका, जस्ट इमॅजिन—"

"न्हाई, सातबारा कुनाच्या नावावर हाय हिचा? दुसऱ्याच्या जमिनीत मुळं सोडायची म्हंजी अतिक्रमन झालं की! पाव्हणं, तुमी सोडली का काय?"

मी सोडली होती. ती निमूट वर ओढून घेतली.

यावर त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला. शिकायचं भूगावात आणि मुळं सोडायची आपल्या रानात. खाचरांत चिखल, खळ्यावर म्हशी, घरात टीव्ही. उभं राहण्याजोगी कोरडी, स्वतःची म्हणता येईल अशी जागा उरली ती बांधाच्या अलीकडच्या कडेची. रोज सकाळी उन्हं यायच्या आधी आमचे व्याही तिथं जाऊन उभे राहू लागले, गुडघे ढिले, हात पसरलेले, नजर समोर. आता आमच्या तालुक्यात सकाळच्या पारी रानात हात पसरून उभा असलेला माणूस एकच काम करत असतो, गिऱ्हाइकाला हद्द दाखवायचं. झालं! दोन दिवसांत भूगावापासूनचे झाडून सगळे एजंट मोटारसायकली घेऊन बांधावर हजर. "काका, किती गुंठं काढताय? पार्टी तयार हाय." हे डोळे न उघडता म्हणायचे, "मी शांत होतोय." एजंटांना वाटायचं म्हातारा भाव वाढवतोय, की ते आकडा वाढवायचे. शेवटी एकदाची अशी शिवी हासडली गेली की तिच्यानं त्या दिवशीची सगळी शांती वाया गेली.

ही बातमी थोरल्यांच्या कानी जाणारच होती. भाऊ बांधासकट जमीन विकतोय! दुसऱ्या दिवशी थोरले हातात काठी घेऊन बांधाच्या पल्याड हजर. बोलायचं तर नाही, मग करायचं काय? समोरासमोर उभे राहिले, दगडावर नजर ठेवून. यांनी हात वर केले की ते दचकायचे, हे खाली वाकले की ते काठी सावरायचे. हे आवरून घरी गेले की मगच ते हलत. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. धुकं, समोर हिरवंगार भात, आणि बांधाच्या दोन बाजूंना दोन म्हातारे, एक जण शांत होतोय आणि दुसरा त्याच्यावर पाळत ठेवतोय. मला हसू आवरेना. "व्याहीबुवा, थोरले रोज येतात वाटतं?" असं मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "येऊ दे की. माझी मुळं कुटवर जात्यात ते बघाया येतंय."

काठी कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. हे मला विहीणबाईंनी सांगितलं. आधी थोरले काठी दगडाला टेकवून ठेवू लागले, मग घरीच विसरून यायला लागले. मोकळे हात घेऊन माणूस तरी किती वेळ उभा राहणार!

भात निसवायला आलं तेव्हा व्याह्यांच्या छातीत कळ आली. जावई आणि मुलगी त्यांना रातोरात पुण्याला घेऊन गेले. सकाळी विहीणबाईंना दवाखान्यात न्यायला म्हणून मी उजाडताच भऱ्यात पोचलो. त्या आवरत होत्या, म्हणून मी सहज बांधाकडं गेलो. थोरले आपल्या जागेवर उभे होते. अल्याडची कड रिकामी होती, आणि तिच्याकडं तोंड करून ते दोन्ही हातांत कलिंगडाएवढा फुगा धरून उभे होते. गुडघे ढिले, डोळे अर्धे मिटलेले. मग एक हात आभाळाकडं गेला आणि एक जमिनीकडं. डावा वर, उजवा खाली. समोर बघून बघून शिकलेले, त्यामुळे सगळं आरशातल्यासारखं उलटं. चाहूल लागताच त्यांनी हात झटकले आणि मुंडाशानं उगाच तोंड पुसलं.

"काय झालंय त्याला?" या वेळी 'अल्याडचं' नाही. मी सांगितलं. ते दगडाकडं बघून म्हणाले, "कधी येतंय म्हनावं? हितं एकट्यानं उभं ऱ्हायला बरं न्हाई वाटत."

दवाखान्यात व्याह्यांच्या अंगभर वायरी होत्या. शेजारच्या खाटेपाशी कुणीतरी फोनवर मोठमोठ्यानं बोलत होतं. मी वाट बघत होतो, आता हे खेकसतील, मग खेकसतील. खेकसले नाहीत. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो ती त्या खाटेवर समोर होती, आणि मला ती बिलकूल आवडली नाही. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "पाव्हणं, दगड जाग्यावर हाय का?"

"आहे."

"आन् दादा?"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "तेही जागेवर आहेत," मी म्हणालो. "तुमची वाट बघताहेत. तुमचा तो व्यायाम करत होते."

व्याह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात कपाळावर ओळखीची आठी आली, मानेची शीर जराशी फुगली, आणि माझा जीव भांड्यात पडला. "त्याला म्हनावं, आदी उजवा हात वर घेत्यात. उलटं करतंय ते. इतके दिस बघतोय मी, पन सांगनार कसं?"

एवढा निरोप घेऊन मी संध्याकाळी पुन्हा भऱ्याला गेलो. थोरल्यांनी तो ऐकला, तोंड फिरवून खाचराकडं बघत उभे राहिले, आणि मग पिरंगुटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर ओरडले, "मंग हितं येऊन सांग म्हनावं की त्याला!" त्यांचे डोळे मात्र भरून आले होते.