नावं मावतील अशी रिम

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. गेल्या माघातल्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पुण्यात, सायकल ट्रॅकच्या दारातल्या तपासणीच्या टेबलापुढं. मिनिटासकट सांगतो, कारण तिथं भिंतीवर घड्याळ होतं. बहिणीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं म्हणून मी त्या घड्याळाकडं बघत उभा होतो.

गावात विचाराल तर सांगतील, चाकांनी दगा दिला. चाकं काय दगा देणार? चाकं आम्ही निवडली. आमच्या अणदूरच्या एका आडत दुकानात, गादीवर बसून, चहा पीत, अकरा पुरुषांनी. त्यातला एक मी.

ज्यांनी ट्रॅकची सायकल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या साध्या सायकलीला मागं फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं. ट्रॅकच्या सायकलीला ते नसतं. मागची दातेरी चकती चाकाला घट्ट बांधलेली असते. चाक फिरलं की पायडल फिरणार, म्हणजे पायही फिरणार. ट्रॅकवर ब्रेक नसतो. वेग कमी करायचा तर फिरत्या पायडलला पायांनी मागं रेटायचं, एवढंच हातात असतं. हातात म्हणजे पायात. म्हणून ती चकती सुटता कामा नये. चांगल्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, दोन आटे असतात. एका आट्यावर चकती बसते, आणि तिच्यावर उलट्या आट्याची एक लॉकरिंग आवळतात. मागं रेटलं की चकती सुटायला बघते, रिंग तिला सुटू देत नाही. एवढंच शास्त्र आहे. माझ्या बहिणीला ते सतराव्या वर्षी कळत होतं. आम्हा अकरा जणांना कळून घ्यायचं नव्हतं.

सोलापूरच्या एका जुन्या खेळाडूनं तिला आपली लोखंडी ट्रॅक सायकल दिली होती. सांगाडा धड होता, पण मागच्या रिमेला चीर गेलेली आणि पुढची वाकडी होऊन, आऊट काढून काढून कंटाळलेली. चाकांची नवी जोडी लागणारच होती. पुण्यातली राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर. पुढच्या वर्षी ती ज्युनिअर गटातून बाहेर पडणार, आणि मोठ्या गटात उभं राहायला जो पैसा लागतो तो आमच्याकडं नाही. म्हणजे ही एकच चाचणी.

तिनं पंधरा दिवस खपून दोन जोड्या काढल्या. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, दोन्ही आमच्या आवाक्यातल्या. पहिली चंदेरी, बुटक्या रिमेची, पुढं-मागं छत्तीस-छत्तीस स्पोक, हबला दोन आटे, लॉकरिंग सोबत. दिसायला दूधवाल्याच्या सायकलीसारखी. दुसरी लालभडक, चार बोटं उंच रिमेची. हबला एकच आटा. तिनं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं: पहिली. खाली दोन रेघा.

वर्गणी मी गोळा केली होती. पत्रक मीच लिहिलं होतं. पत्रकं लिहिणं हे माझं काम. पाण्याच्या टाकीसाठी लिहिली, एसटीच्या थांब्यासाठी लिहिली, शाळेतल्या मास्तरांच्या रिकाम्या जागेसाठी लिहिली. “आपली लेक, आपला वेग” असा मथळा दिला आणि स्वतःवर खूश झालो.

आडतवाले अण्णा आमच्यातले सगळ्यात मोठे देणगीदार. त्यांच्या गादीवर बैठक भरली. बहीण पायरीवर सायकल धरून उभी. तिला कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

अण्णांनी मोबाईल लांब धरून दोन्ही फोटो बघितले. “ही बुटकी कशाला गं? हिच्यावर नावं कुठं लिवायची?”

आमच्याकडं दिलेल्या वस्तूवर नाव पाहिजे. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नावं आहेत. शाळेच्या बाकांवर आहेत. स्मशानातल्या शेडवर आहेत, तिथं वाचणारा कोण येतो ते सोडा. मग चाकानंच काय पाप केलं होतं?

“अण्णा, नावं फ्रेमवर लावा की,” बहीण पायरीवरून म्हणाली.

“फ्रेम लोखंडाच्या नळीची, बोटाएवढी. ह्या लाल चाकावर बघ कशी मोकळी जागा हाय. गोल फिरवून अकराच्या अकरा बसत्यात.”

“पण चाक फिरायला लागल्यावर वाचणार कोण?”

सगळे हसले. मला वाटलं, जिंकली. अण्णा अजिबात चिडले नाहीत. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि लाडात आले की करतात तशी कानडी हाक मारली. “येनव्वा, लई हुशार हायस तू! अगं, फोटो उभ्या गाडीचाच काढत्यात न्हवं!”

यावर जास्तच हसले. दुसरा मोठा देणगीदार म्हणजे खताचा दुकानवाला. त्यानं विचारलं, “ह्या लाल चाकात वाईट काय हाय ते तरी सांग.”

तिनं सांगितलं. आटे, लॉकरिंग, मागं रेटणं, सगळं. शिवाय उंच रिमेला बाजूचं वारं लागतं. नळदुर्गच्या रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की सायकल हेलपाटते, तेही सांगितलं. शांतपणे, मोजक्या शब्दांत. माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेला मी, चळवळीतला मी, भाऊ मी.

मी म्हणालो, “आत्ता लाल घेऊ. चाचणी झाली की हब बदलता येईल.”

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. अण्णांनी हात आखडता घेतला तर जोडीच येणार नाही, अशी भीती वाटली हे खरं. पण गादीवर बसून बोलताना आपलं ऐकतात याचं सुख वाटलं, हेही तेवढंच खरं. बहिणीनं वहीचं पान घडी घालून परत घेतलं. पुन्हा कधी दाखवलं नाही.

चाकं आली. स्टिकरचा मजकूर मीच जुळवला. कुणाच्या नावापुढं ‘मा.’ आणि कुणाच्या पुढं ‘श्री.’ यावर आडतीत तासभर वाद झाला. आट्यांवर पाच मिनिटंही बोलणं झालं नव्हतं.

चाकं बसवायला नळदुर्गला गेलो. तिथल्या सायकल दुकानाचे चाचा साठी ओलांडलेले, हातात चाक घेतलं की आधी डोळे मिटून फिरवायचे. त्यांनी हब उघडा केला आणि माझ्याकडं बघितलं, बहिणीकडं नाही.

“ये कौन पसंद किया?”

“गावानं,” मी म्हणालो.

“गाव चलाताय क्या?” चाचा म्हणाले. मग जुन्या सायकलीच्या पायडलच्या बुशीतली एक रिंग शोधून त्यांनी चकतीवर आवळली, आत चिकटद्रव्य सोडलं. “बैठ गया. पर इसका आटा सीधाच है, उलटा नै. मैं कसम नै खाता, बेटी. ब्रेक निकालना नै.”

“ट्रॅकवर काढावाच लागतो, चाचा.”

“तो फिर मेरेकू मत पूछ.”

तिनं त्याच चाकांवर सराव केला. सकाळी अणदूरहून नळदुर्गकडं, हमरस्त्याच्या कडेनं, पुढचा एक ब्रेक बसवून. तिसऱ्या आठवड्यात उतारावर तिनं पाय रेटले आणि चकती गर्रकन सुटली. पाय रिकामेच फिरले. पुढं ढाब्यातून एक ट्रक रस्त्यावर येत होता. ब्रेक दाबून, सायकल खाली उतरवून ती हरभऱ्याच्या रानात जाऊन पडली. कोपर सोलला. घरी येऊन हळद लावता लावता म्हणाली, “दादा, हब बदल. सोलापुरात मिळतोय. चाचा चाक उकलून भरून देतो म्हणालेत.”

पुन्हा वर्गणी मागायची म्हणजे पुन्हा त्या गादीवर जायचं. तुम्ही निवडलेलं चुकलं, असं बाकीच्या दहा जणांना सांगायचं. दोनच दिवसांवर सत्काराचा कार्यक्रम होता, चाकांना हार घालायचा होता. मी म्हणालो, “सत्कार होऊ दे. तोवर कुणाला सांगू नको.”

“तू स्वतः पडला असतास तरी असंच म्हणाला असतास का?”

मी चिडलो. तिला कृतघ्न म्हणालो. लोक एवढं करतात आणि तुला खोडच काढायची, असंही म्हणालो. जे शब्द मी भल्या भल्या पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते आणि ज्यांच्यावर पत्रकं काढली होती, ते माझ्या तोंडून आमच्याच स्वयंपाकघरात बाहेर पडले. ती उठून गेली. चकती तिनंच चाचांकडून पुन्हा चिकटवून आणली, आणि सत्कार झाला. फोटो उभ्या सायकलीचाच निघाला.

पुण्यात तपासणीला एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या, खेळाडूच असाव्यात, पिंढऱ्या तशा होत्या. त्यांनी ब्रेक काढायला लावला, मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाल्या, “बाळ, उभी राहून मागं रेट. सगळा जोर लाव.”

बहिणीनं माझ्याकडं एकदा बघितलं. तिला कमी जोर लावता आला असता. तिनं सगळा लावला. कर्र आवाज झाला आणि चकती अर्धा वेढा मागं आली.

मॅडमनी चाक सोडलं. “ही चाकं ट्रॅकवर जाणार नाहीत. तू पडशील, मागच्या चौघी पडतील. दुसरी जोडी आहे?”

“नाही.”

“घेताना कुणाला विचारलं होतंस?”

“मला कुणी विचारलं नव्हतं,” बहीण म्हणाली.

मॅडमनी अर्धा तास दिला. आम्ही दुसऱ्या मुलींकडं चाक मागत फिरलो. कुणाच्या चाकाची रुंदी वेगळी, कुणाची शर्यत त्याच वेळी. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती कठड्याला टेकून उभी होती. दुसऱ्यांदाही पुकारलं. मग पुढचं नाव. मॅडमनी नियम पाळला, त्यांना मी दोष देत नाही.

गावात आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “तिथं ट्रॅकवरचा फोटो काढला का?” मग म्हणाले, “बाईमाणसाच्या पायात एवढा जोर आला कुठनं म्हणायचं, चकती सुटायला?” सगळे हसले. ते वाईट माणूस नाहीत, म्हणून तर जास्त संताप येतो. त्यांना खरोखरच वाटतं की त्यांनी दिलं. नाव छापून आलं म्हणजे देणं पूर्ण झालं.

बहीण आता मुरूमला कॉलेजात जाते, एसटीनं. सायकल ती चालवत नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “पत्रक काढ माफीचं. तुला जमतं ते.” टोमणा होता. पण दुसरं मला काहीच येत नाही, म्हणून हे लिहिलं.

सध्या गावात पुन्हा वर्गणी सुरू आहे. भालाफेक करणाऱ्या एका मुलीला भाला घ्यायचा आहे. बैठक कुठं होणार ते सांगायला नको. असल्या बैठका तुमच्याही गावात होतात, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या गादीवर बसलेले असतात. म्हणून तुम्हालाच सांगतो. विनंती करत नाही. वर्गणीची पोरं तुमच्या दारात आली, अगदी मी आलो, तरी खिशात हात घालू नका. आधी म्हणा, जी वापरणार तिला बोलवा. ती आली की तिला गादीवर बसवा आणि काय पाहिजे ते तिच्याच तोंडून ऐका. ती सांगेल तेवढंच आणि तेच घ्या, तुमच्या नावाशिवाय. हे जमत नसेल तर देऊ नका. तिचं ती बघून घेईल.