हिरवा ठिपका

आयव्हीआत्याचा रंग हिरवा होता. केंब्रिजच्या चेस्टरटन भागातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं कुणाचं कुत्रं चावरं आहे ते ठाऊक असतं. नदीकाठच्या रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगला बसणाऱ्या प्रत्येक बाईकडे रंगाची एक छोटी बाटली असे. रेडिओच्या आतल्या सर्किट-बोर्डावरचे सगळे सांधे डाख देऊन लावून, पुन्हा एकदा तपासून झाले, की कोपऱ्यात आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. जोनचा लाल, मेव्हिसचा पिवळा, आत्याचा हिरवा. सेट बिघडून परत आला की झाकण उघडताच कळायचं, हात कुणाचा. सव्वीस वर्षांत आत्याचे तीन सेट परत आले. ते कोणत्या महिन्यातले होते, हे ती विचारल्याशिवायही सांगायची.

सत्त्याहत्तर साली कारखान्याने बायकांची ती ओळच बंद केली. आत्या मग केंब्रिजच्या एका कॉलेजात खोल्या आवरायला लागली. एक जिना, आठ खोल्या. पलंग आवरायचा, बेसिन घासायचं, टोपली रिकामी करायची. टेबलाला मात्र हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. दुसऱ्या मजल्यावर ह्यू लॅटिमर नावाचा संशोधन करणारा मुलगा राहत होता. एका सकाळी त्याच्या टेबलावर एक बोर्ड पडलेला दिसला आणि आत्या केरसुणी हातात घेऊन तिथेच थबकली.

"मिस्टर लॅटिमर, हे तुम्ही केलंत?"

"हो," तो जरा अभिमानाने म्हणाला.

"कशाने, काट्या-चमच्याने?"

ह्यू हसला नाही. "मधूनच बंद पडतंय, मिसेस हेलॉक. दोन महिने झाले, कारण सापडत नाहीये."

"चालेल कसं? हे सांधे आहेत होय? कबुतरं बसून गेल्यासारखं दिसतंय."

त्या शनिवारी दुपारी तो टॉवेलात गुंडाळलेला बोर्ड सायकलच्या टोपलीत घालून आमच्या गल्लीत आला. पँट साखळीत अडकू नये म्हणून पायांना लावलेले चिमटे काढून त्याने खिडकीत ठेवले आणि ओट्याशी उभा राहिला. आत्याने चहाची किटली बाजूला सारली, जुनी सोल्डर गन तापवली. वितळत्या राळेचा वास पडद्यांत शिरला, तो पुढची चार वर्षं गेला नाही.

प्रयोगशाळेतल्या नळीत काय किती तापलंय ते आकड्यांत दाखवणारं ते यंत्र होतं. ते चाललं. मग ह्यूच्या मित्राला एक हवं झालं, मग दुसऱ्या प्रयोगशाळेला सहा. दर शनिवारी दोघं-तिघं मुलं ओट्याभोवती उभी राहून भांडत. आत्याचा नवरा, सिडकाका, वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "आयव्ही, विद्यापीठ जरा सरकव, मला ब्रेड घ्यायचाय."

"तूच सरक. यांचं काम आहे, तुझं पोट आहे."

आणि प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात आत्या हिरवा ठिपका द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कधी विचारलंही नाही.

शहराच्या उत्तरेला, एका कॉलेजच्या जुन्या शेतजमिनीवर तेव्हा नव्या कंपन्यांसाठी ठेंगण्या इमारती उठत होत्या. ह्यूने तिथे दोन खोल्या घेतल्या. "मिसेस हेलॉक, तुम्ही तिकडे कामाला यायचं. खिडकीजवळचं कामाचं बाक तुमचं," तो म्हणाला.

कारखान्यात सव्वीस वर्षं आत्यासमोर मेव्हिसची पाठ होती. खिडकीजवळचं बाक हे तिने कुणाकडे मागितलं नव्हतं; पण त्या आठवड्यात तिने जुन्या पडद्याची एक उशी शिवली, स्टुलाच्या मापाची. सिडकाकाने विचारलं, "ही कुणाच्या बुडासाठी?" तिने दाताने दोरा तोडला. कॉलेजात मात्र सांगून टाकलं, की उन्हाळ्यानंतर जिन्याला दुसरी बाई बघा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ह्यू आला, एकटाच. पायांचे चिमटे त्याने काढले नाहीत. ते पाहूनच आत्याने किटलीखालचा गॅस बंद केला.

"पैसे घालणारे लोक म्हणतात, बोर्ड यंत्रावरच करून घ्यायचे. महिन्याला चारशे लागणार आहेत," तो म्हणाला. "मी खूप सांगून पाहिलं त्यांना."

"चारशे माझ्याने नाही व्हायचे."

"बाकाचं मी बोललो होतो..."

"बोलला होतास. बरं, हा शेवटचा घेऊन जा. नमुना म्हणून देशील ना त्यांना? म्हणून जरा जास्तच नीट केलाय."

तो उभाच होता. शेवटी तीच म्हणाली, "जा बाळा, पाऊस येईल."

उशी सिडकाकाच्या खुर्चीवर गेली. आत्याने कॉलेजात जाऊन आपला जिना परत मागितला आणि साठीपर्यंत केला. तिच्या आठ खोल्यांतली मुलं एकेक करून उत्तरेकडे गेली. त्यांच्या नावांच्या पाट्या बसच्या खिडकीतून दिसायच्या. "हा बेसिनमध्ये मोजे भिजवायचा," ती एखाद्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणायची. ह्यूच्या इमारतीपाशी ती पिशवीत तिकीट शोधायची.

सत्त्याऐंशी साली मी एका प्रयोगशाळेत कामाला लागले. तिथे ह्यूच्या कंपनीची पाच यंत्रं होती. एक बंद पडलं, दुरुस्तीवाला आला. त्याने झाकण उघडलं आणि बोर्डाच्या कोपऱ्यात मला एक छापलेलं गोल कडं दिसलं. वाटाण्याएवढं, पांढरं.

"हे काय आहे?"

"कुणाला माहीत! सगळ्यांवर असतं," तो म्हणाला. "पहिल्या नमुन्यावर होतं म्हणे. बोर्डाचा नकाशा काढणाऱ्याने हुबेहूब उतरवलं. आता चार-पाच वेळा नकाशा बदलला, पण ते काढायला कुणी धजत नाही. काढलं आणि चालेनासं झालं तर?"

तो बोर्ड मी मागून घेतला आणि आत्याकडे नेला.

आत्याने चष्मा लावला आणि बोर्ड हातात घेतला. मी सगळं सांगितलं. सिडकाका म्हणाला, "हजारोंनी गं, आयव्ही! साऱ्या देशभर!"

"पण रंग नाही भरलाय," आत्या म्हणाली.

खणातली हिरव्या रंगाची बाटली वाळली होती. तिने नेलपॉलिश काढायच्या पाण्याचे चार थेंब टाकून ती हलवत ठेवली. मला वाटलं आता ठिपका देईल. पण तिने खुर्ची खिडकीशी ओढली, उजेडासाठी, आणि एकेक सांधा नखाने चाचपत बोर्ड तपासू लागली. अर्ध्या तासाने म्हणाली, "हा बघ. वरून चकचकीत, आतून सुटलाय. म्हणून बंद पडलं."

तिने सोल्डर गन तापवली. तो सांधा लावला, फुंकर घातली, पुन्हा सुरुवातीपासून सगळे तपासले.

मगच बाटली उघडली. ठिपका कड्यात बरोबर बसला.